घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका: मुंबईच्या उकाड्यात उष्माघात कसा ओळखायचा आणि पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं

उष्माघात म्हटलं की मुंबईकराला चंद्रपूर, नागपूर, अकोला आठवतं. पारा पंचेचाळीसला भिडतो ती गावं. आपल्याकडे काय, चौतीस-पस्तीस अंश आणि घामाच्या धारा. त्रास होतो, पण जीव कशाला जाईल? या समजुतीपायीच इथे उशीर होतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. तास न् तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. त्या दिवशी आसपासच्या केंद्रांवर पारा चाळिशीच्या आतच होता.

हवामान खात्याचे निकषही हेच सांगतात. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीसाठी मात्र ३७ अंश आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त, एवढं पुरतं. कारण हवेतला दमटपणा. नुसता घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो अंगावर वाळला तर होतं. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते. ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर सावलीतसुद्धा शरीरावरचा ताण जवळपास ४७ अंशांइतका असतो. शिवाय बातम्यांतला आकडा कुलाबा किंवा सांताक्रूझच्या वेधशाळेतला, सावलीत मोजलेला. गोवंडीतल्या पत्र्याच्या घराच्या पोटमाळ्यावर, भर दुपारी स्लॅब भरणाऱ्या टोळीत किंवा सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवर काय परिस्थिती असते, हे तो आकडा सांगत नाही.

मुंबईत जपायचे काळ तीन. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरून पूर्वेचे वारे वाहतात आणि समुद्रावरचे वारे दुपार उलटेपर्यंत येत नाहीत, त्या दिवशी पारा एकदम चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ अंश नोंदले गेले ते मार्चमध्येच. दुसरा मे आणि पाऊस सुरू होण्याआधीचे जूनचे दिवस: पारा बेताचा, पण रात्रीही उतार नाही, त्यामुळे शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. तिसरा ऑक्टोबर, जेव्हा पावसाळा संपला म्हणून सगळे बेसावध असतात.

आधी एकच बघा: डोकं ठिकाणावर आहे का?

उन्हात किंवा उकाड्यात असलेल्या माणसाला त्रास होतोय असं दिसलं की त्वचा कोरडी की ओली, ताप किती, यात अडकू नका. त्याच्याशी बोला. नाव विचारा. आपण आत्ता कुठे आहोत, सकाळ आहे की दुपार, इथे कोणाबरोबर आलात, असे साधे प्रश्न विचारा. उत्तरं अडखळत येतात का, भलतीच येतात का, माणूस उगाच चिडतोय का, अंगावर येतोय का, जीभ जड झालीय का, चार पावलं सरळ चालता येतात का, ते बघा. उकाड्यात यातलं एक जरी बिनसलेलं दिसलं, तरी तो उष्माघात आहे असं धरूनच चाला. माणूस बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर प्रश्न विचारण्यातही वेळ घालवू नका.

उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान साधारण ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं आणि मेंदूचं काम बिघडतं. मेंदू बिघडल्याची खूण बाहेरून दिसते, आतलं तापमान दिसत नाही. म्हणून वागण्याकडे लक्ष द्यायचं.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज घामाचा. ‘उष्माघातात घाम बंद होतो, त्वचा कोरडी आणि लाल होते’ हे अनेकांनी शाळेपासून ऐकलेलं असतं. चार-पाच दिवस बंद, कोंदट खोलीत पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत बहुधा तसंच दिसतं. पण गोदीत पोती वाहणारा माथाडी, भरतीसाठी धावण्याचा सराव करणारा मुलगा, आझाद मैदानावर एप्रिलच्या दुपारी गोलंदाजी करणारा खेळाडू, यांना उष्माघात होतो तेव्हा ते बहुतेक वेळा घामाने चिंब असतात. ‘घाम येतोय ना, मग काळजी नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

दुसरी गफलत दारूची. फूटपाथवर झोकांड्या खाणारा, बरळणारा माणूस दिसला की लोक ‘पिऊन पडलाय’ म्हणून पुढे जातात. तो प्यायलेला असेलही. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं आणि उन्हाचा धोका वाढतो. दुपारच्या उन्हात पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा छातीला हात लावून बघा. अंग भाजत असेल तर वास कसलाही येवो, पुढची कृती तीच.

थर्मामीटर असेल तर लावा, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. काखेतलं तापमान आतल्यापेक्षा कमी दाखवतं. घामेजल्या काखेत तर आणखीच कमी. कपाळासमोर धरायचं यंत्र ओल्या किंवा उन्हात तापलेल्या त्वचेवर काहीही दाखवतं. काखेत १०२ आलं आणि माणूस बरळत असेल, तर तो उष्माघातच समजा.

अशी लक्षणं दुसऱ्या आजारातही दिसतात, हे खरं. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली तरी तो असाच बरळतो. घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर एक जण बोट टोचून बघेल, तोवर दुसऱ्याने पाणी ओतायला लागावं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलता येत नाही, तर पक्षाघाताची शंका घ्या आणि रुग्णवाहिकेला तसं सांगा. पावसाच्या तोंडावर मलेरियाचा तापही डोक्यात जाऊ शकतो. निदान डॉक्टर करतील. उन्हात तापलेलं अंग थंड केल्याने यातल्या कोणत्याच रुग्णाचं नुकसान होत नाही.

आधी थंड करा, मग हलवा

१०८ ला फोन लावा. नाही लागला तर ११२. फोनवर तीन गोष्टी सांगा: ‘उष्माघात वाटतोय’, ‘शुद्ध हरपलीय’ किंवा ‘बरळतोय’, आणि जवळची ठळक खूण. पण रुग्णवाहिका येईपर्यंत नुसतं वाट बघत बसणं ही घोडचूक आहे. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं किती नुकसान होणार, हे अंग किती तापलं यापेक्षा ते किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवला तर वाचण्याची शक्यता खूपच वाढते. आणि मुंबईच्या दुपारच्या वाहतुकीत रुग्णालयात पोचायलाच अर्धा तास जातो. तेव्हा रिक्षात कोंबून ‘चल, सायन’ म्हणण्याआधी जागेवरच पाणी ओता. जवळ पाणीच नसेल, तेवढा एकच अपवाद.

काय करायचं ते क्रमाने:

१. सावलीत किंवा आत न्या. इमारतीचा जिना, दुकानाची पडवी, एटीएमची थंड खोली, जे चार पावलांवर असेल ते. भोवतीची गर्दी हटवा; गर्दीमुळे वारा अडतो.

२. हाक मारून, खांदा हलवून बघा. श्वास नसेल किंवा आचके दिल्यासारखा चालत असेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला लागा. श्वास नीट असेल पण शुद्ध नसेल, तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही.

३. बूट, मोजे, पट्टा, हेल्मेट, जाकीट, वरचे कपडे काढा. बाई असेल तर ओढणी किंवा चादरीचा आडोसा धरायला दोघींना सांगा, पण संकोचापायी कपडे अंगावर ठेवू नका. साडी सोडता येत नसेल तर तिच्यावरूनच भरपूर पाणी ओता.

४. डोकं, मान, छाती, पोट, मांड्या यांवर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. एकदा भिजवून थांबू नका. पंखा, पुठ्ठा, वर्तमानपत्र, थाळी, काहीही चालेल.

५. बर्फ मिळताच मान, काखा आणि जांघा इथे ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळून. या जागी मोठ्या रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ असतात. बर्फ हे पाण्याला जोड म्हणून. नुसत्या बर्फाच्या चार पिशव्यांनी ताप लवकर उतरत नाही.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच चुका होतात. भर दुपारी नळाला येणारं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं असेल तर ते हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं. ते पहिलं पाणी वाहून जाऊ द्या, किंवा घरातल्या पिंपातलं, माठातलं, तळमजल्याच्या टाकीतलं घ्या. पंचविशीच्या आतलं पाणी चांगलं काम करतं, जितकं थंड तितकं बरं. चाळीत किंवा वस्तीत सर्वांत सोयीची जागा म्हणजे मोरी. रुग्णाला मोरीत टेकवून बसवा किंवा आडवा करा, डोकं एकाने धरा आणि मगाने पाणी ओतत राहा. टेबलफॅन दाराबाहेर कोरड्या जागी ठेवा. ओल्या हाताने त्याला शिवू नका. पाणी कमी असेल तर दुसरा उपाय: सहा-आठ पंचे किंवा टॉवेल बर्फाच्या पाण्यात बुडवून अंगभर टाका आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदला. ओली चादर अंगाला लपेटून तशीच ठेवली तर ती पाच मिनिटांत गरम होते आणि उष्णता कोंडते, म्हणून पंचे बदलत राहणं महत्त्वाचं.

बर्फ मुंबईत कुठेही मिळतो, फक्त तो कुठे मिळेल हे सुचलं पाहिजे: मच्छी बाजारात, रसवंतीवर, गोळेवाल्याकडे, वाइन शॉपमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये. मासळीच्या बर्फाने अंग थंड करा, तोंडात मात्र तो घालू नका. काहीच नसेल तर डेअरीतल्या थंडगार दुधाच्या पिशव्या काखेत धरा.

धडधाकट, तरुण माणूस कष्टाचं काम करताना किंवा धावताना कोसळला असेल, तर सगळ्यांत वेगवान उपाय बर्फाच्या पाण्यात बसवण्याचा. मैदानावर हौद किंवा टब नसतो, पण ताडपत्री असते. खेळपट्टी झाकायची, मंडपाची, बांधकामावरची, कोणतीही. रुग्णाला तिच्या मधोमध झोपवा. पाच-सहा जणांनी चारी कडा कमरेएवढ्या उचलून धरायच्या, म्हणजे मध्ये खोलगट झोळी होते. त्यात पाच-सहा बादल्या पाणी आणि मिळेल तेवढा फोडलेला बर्फ टाका आणि पाणी हलतं राहील अशी झोळी डावी-उजवीकडे झुलवा. पाणी स्थिर राहिलं तर अंगालगतचा थर गरम होऊन थंडावा कमी होतो. एका माणसाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आणि हनुवटी पाण्याच्या वर धरायची. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. अशा पाण्यात आतलं तापमान साधारण पाच ते सात मिनिटांत एक अंशाने उतरतं. नुसतं भिजवून वारा घालताना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हाताऱ्या किंवा हृदयरोग असलेल्या माणसाला असं बुडवू नका. त्यांच्यासाठी पाणी ओतणं, वारा आणि बर्फ हेच ठीक.

थांबायचं कधी? माणूस नीट बोलू लागला, ओळखू लागला, किंवा जोराची हुडहुडी भरली की. मोजण्याची सोय असेल तर ३९ अंशांच्या, म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या थोडं खाली आल्यावर. मोजता येत नसेल तर ताडपत्रीच्या बर्फाळ पाण्यात पंधरा मिनिटं हा अंदाज धरा. मग अंग पुसून कोरडं करा. रुग्णवाहिका आधीच आली तर तिच्यातही पाणी आणि वारा चालू ठेवायला सांगा. माणूस शुद्धीवर येऊन ‘मी आता बरा आहे’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच. केईएम, नायर, सायन, कूपर यांपैकी जे जवळ असेल ते, किंवा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं कोणतंही.

वस्तीच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. एक जण गल्लीच्या तोंडाशी उभा करा. थंड करून झाल्यावर रुग्णाला मजबूत खुर्चीवर बसवून किंवा चादरीत घालून बाहेर काढा. लोकलमध्ये कोणी कोसळलं तर दोन स्थानकांच्या मधे साखळी ओढू नका. गाडी रुळांवर अडकली तर मदत पोचतच नाही. पुढच्या स्थानकावर उतरवा, पंख्याखाली ठेवा, स्टेशन मास्तरकडे स्ट्रेचर मागा, आणि तोवर डब्यातल्या सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्या अंगावर रिकाम्या करा. दादर किंवा कुर्ल्याच्या फलाटावर लोक त्या बाटल्या तोंडाला लावायला धावतात. तिथे ठामपणे सांगावं लागतं, पाणी अंगावर, तोंडात नाही.

जे करू नये

शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर, ग्लुकोज, काहीही घालू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका. जंतूंमुळे येणाऱ्या तापात मेंदू स्वतः तापमान वाढवतो, त्यावर पॅरासिटामॉल चालतं. इथे उष्णता बाहेरून आणि स्नायूंतून साठलेली असते, तिच्यावर ही गोळी निरुपयोगी. उलट आधीच घायकुतीला आलेल्या यकृतावर तिचा भार पडतो. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. अंगाला स्पिरिट चोळू नका. झटके येत असतील तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि पाणी ओतणं चालूच ठेवा.

कांद्याबद्दल एवढंच: खिशात कांदा ठेवल्याने कोणाचं बिघडत नाही, जेवणात खाल्ला तर उत्तमच. पण माणूस बरळत असताना तळपायाला कांद्याचा रस चोळण्यात जी दहा मिनिटं जातात, ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटं असतात. घरातल्या आजीचा आग्रह असेल तर तिच्या हाती पंखा द्या.

शुद्ध शाबूत आहे, पण ऊन बाधलंय

बहुतेक वेळा गोष्ट इथवरच असते. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, नाडी भराभर चालते, घाम खूप येतो, पण माणूस सगळं नीट सांगतो. त्याला पंख्याखाली किंवा एसीत आडवा करा, पाय उशीवर घ्या, कपडे सैल करा, मान-तोंड-हात ओले करा आणि घोट घोट ओआरएस द्या. पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, असं तासाभरात लिटरच्या आसपास. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. अर्ध्या तासात उतार पडला नाही, उलट्यांमुळे पोटात काही ठरत नाही, किंवा बोलण्यात गोंधळ सुरू झाला, तर दवाखाना गाठा. हाच त्रास वाढून उष्माघात होऊ शकतो, म्हणून पहिला तासभर त्याला एकटं सोडू नका. ‘थोडं झोपू दे’ म्हणून दार लोटून घेणं धोक्याचं.

पोटरीत, मांडीत, पोटात गोळे येणं हे मीठ कमी पडल्याचं लक्षण. काम थांबवा, स्नायू हळूहळू ताणा, ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक द्या. नुसतं पाणी ढोसल्याने गोळे वाढू शकतात. तासाभरात थांबले नाहीत तर डॉक्टरांकडे जा. रांगेत किंवा परेडला उभं राहून भोवळ आली आणि आडवं करताच मिनिटभरात शुद्ध आली, तर विश्रांती आणि पाणी पुरेसं. पडताना डोक्याला मार लागला का, ते मात्र तपासा. घामोळ्यांना कोरडं, मोकळं ठेवणं आणि सुती कपडा. पावडरचे थर लावले तर घामाची छिद्रं आणखी बुजतात.

ओआरएस: चमच्याचा हिशेब

एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, आणि पूर्ण. अर्धी पुडी अंदाजाने टाकायची नाही. एका पेल्यात अख्खी पुडी तर मुळीच नाही. खारट, दाट द्रावणाने जुलाब होतात आणि लहान मुलांत रक्तातलं मीठ धोकादायकरीत्या वाढतं. बाजारात २०० मिलिलिटरसाठीच्या छोट्या पुड्याही मिळतात, तेव्हा मागची बाजू वाचा. दूध, सरबत किंवा कोल्ड्रिंकमध्ये मिसळू नका. कालवलेलं चोवीस तासांनी टाकून द्या.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. ‘सपाट’ म्हणजे बोटाने वरचा ढीग निपटून काढलेला. चमचा पाच मिलिलिटरचा, औषधाबरोबर येतो तेवढा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं. ओतून पुन्हा करा. खोक्यात मिळणारी गोड, रंगीत पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. औषधाच्या दुकानात पावडरची पुडीच मागा.

घरच्या पेयांत मीठ-जिरं घातलेलं ताक सगळ्यात भरवशाचं. कैरीचं पन्हं आणि कोकम सरबत चांगलं, चिमूटभर मीठ घालून आणि साखर बेताने. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. त्यामुळे दिवसभर घाम गाळणाऱ्याला फक्त शहाळ्यावर भागत नाही, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

कामावर असताना

उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये; फार पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेव्हाही माणूस बरळतो. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय. गडद झाली, कमी झाली, जळजळ होऊन उन्हाळी लागली, तर पुरत नाहीये.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. मुंबईत हजारो बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जवळ धड शौचालय नसतं. मासळी विकणाऱ्या, नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, तीन तास लोकलने ये-जा करणाऱ्या. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगणं अपुरं आहे. बांधकामावर मुकादमाने, सोसायटीत कमिटीने, दुकानात मालकाने शौचालय वापरायला दिलं, तर बायका आपसूक पाणी पितात. ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांनी हे उन्हाळ्याआधी ठरवावं.

सगळ्यांत जास्त धोका पहिल्या काही दिवसांत असतो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर घाम उशिरा येतो आणि त्यातून मीठही जास्त जातं. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एक पंचमांश काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण करावं. जुना पण गावाहून परतलेला असेल तर पहिल्या दिवशी निम्मं, मग साठ, मग ऐंशी टक्के, चौथ्या दिवशी पूर्ण. मे महिन्यात गावी जाऊन आलेला चाकरमानी आणि आठवडाभर एसीत बसून रविवारी शिवाजी पार्कला क्रिकेट खेळणारा, दोघांनाही हे लागू. जड काम सकाळी अकराच्या आधी उरका. आणि कामगार एकेकटे ठेवू नका, जोड्या लावा. ज्याला उष्माघात होतोय त्याला स्वतःला ते कळत नाही. त्याचं बिघडलेलं बोलणं ऐकणारा कोणीतरी हवा.

घरी

पत्र्याच्या घरात दुपारी बाहेरपेक्षा जास्त तापतं. पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, ओली गोणपाटं, नाहीतर निदान आतून जाड पुठ्ठ्याचं छत, यांनी फरक पडतो. पोटमाळ्यावर म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं दुपारी ठेवू नका. पंखा वापरताना अंग ओलं ठेवा. कोरड्या अंगावर तापलेल्या खोलीतला पंखा नुसती गरम हवा फेकतो. ओल्या पंचाने हात, मान, पाय दर थोड्या वेळाने पुसले तर तोच पंखा उपयोगी पडतो. लहान मुलाला बंद गाडीत दोन मिनिटंही सोडू नका, सावलीत उभी असली तरी.

काही औषधांनी उन्हाची बाधा लवकर होते: लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरची बरीच औषधं. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी घातक होऊ शकते. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. मार्चमध्येच डॉक्टरांकडे जाऊन उन्हाळ्यातलं प्रमाण विचारून घ्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दिवसातून दोनदा भेटा, निदान फोन करा, आणि बोलणं लक्ष देऊन ऐका. नेहमी टापटीप बोलणाऱ्या आजोबांनी वार चुकवला, नाव विसरलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच कोणाला तरी त्यांच्या घरी पाठवा.

रुग्णालयात आणि नंतर

डॉक्टरांना हे सांगा: माणूस किती वाजता सापडला, त्याआधी उन्हात किंवा कोंदट जागेत किती वेळ होता, थंड करणं किती वाजता सुरू केलं आणि किती वेळ चाललं, झटके आले का, आधीचे आजार आणि गोळ्या कोणत्या. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. यकृत आणि मूत्रपिंडाचं नुकसान अनेकदा पहिल्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत दिसतं, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत डिस्चार्जची घाई करू नका. घरी आल्यावर लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा फारच कमी झाली, डोळे पिवळे दिसले, अंग फार दुखू लागलं, तर त्याच दिवशी परत जा. काळी लघवी आणि अंगदुखी ही स्नायू तुटून त्यातला घटक मूत्रपिंडात अडकत असल्याची खूण असते, पिवळे डोळे ही यकृताला इजा झाल्याची.

कामावर किंवा मैदानावर परतताना निदान एक आठवडा पूर्ण विश्रांती घ्या. मग रक्ताचे अहवाल ठीक आहेत हे डॉक्टरांनी बघितल्यावर आधी सावलीत, हलक्या कामाने सुरुवात करून पुढच्या दोन-चार आठवड्यांत भार वाढवा. एकदा उष्माघात झालेल्या माणसाला पुढचे काही महिने ऊन लवकर बाधतं. रोजंदारीवरच्या माणसाला एवढी सुट्टी परवडत नाही, हे ठाऊक आहे. निदान मुकादमाला सांगून पहिले पंधरा दिवस स्लॅबवर चढण्याऐवजी सावलीतलं काम मागून घ्यावं, आणि जोडीदाराला झालेला प्रकार सांगून ठेवावा.